दोन प्लायची होडी घरच्या मांगरात कशी बांधावी

या लेखात सांगितलेली होडी जेमतेम आठ फूट लांबीची, सपाट तळाची, पुढे-मागे आडव्या फळ्या असलेली आणि वल्ह्यांवर चालणारी आहे. एक मोठा माणूस आणि एक मूल तिच्यात ऐसपैस बसते आणि संथ पाण्यात दोन मोठी माणसेही चालतात. समुद्रात मात्र ती नेऊ नये, कारण तिची आखणीच नदी, खाडी आणि खाजनातल्या (बांध घालून खाडीपासून राखलेल्या सखल जमिनीतल्या) पाण्यासाठी केलेली आहे. आंब्याचे खोड कोरून किंवा सागाच्या फळ्या जोडून होडी करणाऱ्या मेस्तांची विद्या एका उन्हाळ्यात हाती येण्यासारखी नाही आणि तसा दावाही येथे नाही. येथे प्लायच्या फळ्या तांब्याच्या तारेने शिवायच्या आहेत, सांधे इपॉक्सीने (दोन द्रव कालवले की घट्ट होणाऱ्या चिकट रसायनाने) भरायचे आहेत आणि त्यांवर काचतंतूंची (फायबरग्लासची) पट्टी चढवायची आहे. ज्याला करवत आखलेल्या रेषेवर चालवता येते त्याला हे काम साधते.

फळ्या शिवून होडी करणे आपल्या किनाऱ्याला नवे नाही. खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून बांधलेले नौदलाचे ‘कौंडिण्य’ हे जहाज २०२५ साली गोव्यातच पाण्यात उतरले. त्या शिवणीत आणि आपल्या शिवणीत फरक एवढाच, की तेथे दोरी जहाजाला जन्मभर धरून ठेवते आणि येथे तार फक्त इपॉक्सी घट्ट होईपर्यंतची सोबतीण असते. तारेची ही पद्धत घरोघरी पोहोचवली ती ब्रिटनमधल्या ‘मिरर’ या छोट्या शिडाच्या होडीने. १९६३ साली ती बाजारात आली आणि तिच्या ७०,००० हून अधिक प्रती, त्यांपैकी पुष्कळशा लोकांच्या घरी, बांधल्या गेल्या. लाकूड, काचतंतू आणि इपॉक्सी यांचा मेळ किती भरवशाचा असतो याबद्दल शंका असल्यास गोव्याच्या दिवाडी बेटावर बांधलेली ‘म्हादई’ ही शिडाची नौका आठवावी. पोटात लाकूड आणि वर काचतंतूंचे कवच अशाच बांधणीच्या त्या नौकेने २००९-१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा केली.

काम कधी करावे हे आधी ठरवावे. गोव्यात जून ते सप्टेंबर हवेत इतकी ओल असते, की लाकूडही कोरडे राहत नाही आणि इपॉक्सीही नीट बसत नाही. जानेवारीच्या अखेरीस सुरुवात करून एप्रिलअखेर रंग पूर्ण करावा आणि मे महिना राहून गेलेल्या गोष्टींसाठी मोकळा ठेवावा. जागा म्हणून चार मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद, वर छप्पर असलेला आणि दोन बाजूंनी वारा येणारा मांगर किंवा पडवी पुरते. अंगणात माटव घालूनही काम होते, पण पडणारे दव आणि माडाची झावळी या दोहोंपासून ओल्या इपॉक्सीला सांभाळावे लागते. होडी तयार झाल्यावर ती दारातून बाहेर निघेल ना, हे मोजपट्टीने आधीच पाहून घ्यावे. हा सल्ला विनोदासारखा वाटला तरी तो विनोद नाही.

आता प्लायविषयी, कारण होडीचे निम्मे आयुष्य दुकानातच ठरते. २४४० × १२२० मिलिमीटरचे, ६ मिलिमीटर जाडीचे दोन मरीन प्लाय लागतात. त्यांवर ‘आयएस ७१०’ हे भारतीय मानकाचे चिन्ह हवे. ‘आयएस ३०३’ हे मानक साध्या प्लायचे आहे. असा प्लाय कपाटाला चालतो, होडीला नाही. खऱ्या मरीन प्लायचा डिंक ७२ तास उकळत्या पाण्यात राहूनही सुटता कामा नये. शिक्का पाहून विश्वास ठेवण्याचे दिवस मात्र राहिलेले नाहीत. माझ्या पहिल्या होडीसाठी एका दुकानातून शिक्का असलेलाच प्लाय आणला होता आणि दुसऱ्याच पावसाळ्यात त्याचे थर वहीच्या पानांसारखे सुटले. तेव्हापासून दुकानदाराकडून हातभर तुकडा आधी मागून आणतो आणि घरी जुन्या टोपात तीन-चार दिवस रोज काही तास उकळतो. मध्येच तो उन्हात वाळवतो आणि पुन्हा उकळतो. कडेचे थर पटाशीने ओढूनही सुटले नाहीत, तरच त्या मालाचे पूर्ण प्लाय घ्यावेत. कापलेली कडही नीट निरखावी. मधल्या थरांत कोठे पोकळी दिसली तर तो प्लाय परत करावा, कारण पोकळीत शिरलेले पाणी बाहेरून कितीही रंग लावला तरी निघत नाही.

बाकीचे सामान असे. इपॉक्सी रेझिन आणि हार्डनर मिळून सुमारे सहा किलो, ७५ मिलिमीटर रुंदीची काचतंतूंची टेप सुमारे २० मीटर, तळ मढवण्यासाठी चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचे काचतंतूंचे कापड अडीच मीटर, दीड मिलिमीटर जाडीची उघडी तांब्याची तार, काठासाठी २० × ३५ मिलिमीटरच्या, अडीच मीटरहून थोड्या अधिक लांबीच्या सागवानी पट्ट्या आणि पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू. लोखंडी स्क्रू वा खिळे घरात पडून आहेत म्हणून वापरू नयेत. खारे पाणी ते एका हंगामात खाऊन टाकते. फायबरच्या होड्या करणारे लोक जे पॉलिएस्टर रेझिन वापरतात ते इपॉक्सीच्या तुलनेने बरेच स्वस्त असते आणि ‘तेच घ्या’ असा सल्ला हमखास मिळतो. तो मानू नये. पॉलिएस्टर काचतंतूंना चांगले धरते, पण लाकडाला धरत नाही आणि काही काळाने सालीसारखे सुटून येते.

कापण्याआधी जाड पुठ्ठ्याचा एक दशांश मापाचा नमुना करावा, म्हणजे २४० मिलिमीटर लांबीची पुठ्ठ्याची होडी. साखळीजवळच्या विठ्ठलापूरला त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री वाळवंटी नदीत सजवलेल्या नौका सोडण्याची स्पर्धा असते. तेथे ज्याने एकदा भाग घेतला आहे त्याला हे शिकवायला नको. नमुन्यात जी फळी बसत नाही ती प्लायमध्येही बसणार नसते, आणि पुठ्ठा स्वस्त असतो.

पहिली आखणी बाजूंच्या फळ्यांची करावी. एका प्लायमधून ३८० मिलिमीटर रुंदीच्या दोन लांब पट्ट्या निघतात. प्रत्येक पट्टीची खालची कड मध्यभागी सरळ ठेवून पुढच्या टोकाकडे ७० आणि मागच्या टोकाकडे ४० मिलिमीटरने वर उचलावी, म्हणजे तळाला पुढे-मागे उचल येते आणि होडी पाणी फोडत न जाता पाण्यावरून सरकते. ही वक्र रेषा हाताने काढू नये. बारीक, गाठी नसलेली लाकडी पट्टी तीन-चार खिळ्यांना टेकवून वाकवावी आणि तिच्या कडेने पेन्सिल फिरवावी. लाकडी पट्टी जो बाक आपणहून घेते तोच डोळ्यालाही बरा दिसतो. दोन्ही फळ्या एकमेकींवर ठेवून, शिकंज्यांनी आवळून एकदमच कापाव्यात, नाहीतर होडी एका बाजूला ओढत राहते.

उरलेल्या ४६० मिलिमीटर रुंदीच्या पट्टीतून मधली चौकट कापावी: खाली ७६० रुंद, वर ९६० रुंद आणि ३८० उंच. तिचा आतला भाग कापून काढून सगळीकडून ८० मिलिमीटरची कड ठेवावी. पुढची फळी खाली ४६०, वर ६२० आणि ३१० उंच. मागची खाली ६६०, वर ८४० आणि ३४० उंच. या दोन्ही दुसऱ्या प्लायच्या कडेच्या भागातून निघतात. उंचीत थोडी वाढ ठेवून कापावे आणि नंतर रंध्याने काठाशी जुळवून घ्यावे. तळाची फळी मात्र या वेळी मुळीच कापू नये. बाजू, चौकट आणि दोन्ही टोके तारेने जोडून झाल्यावर तो सांगाडा उलटा ठेवून, कर्ण मोजून आणि सरळ करून, त्यावर दुसरा प्लाय ठेवावा आणि आतून पेन्सिलीने त्याची आकृती उतरवावी. त्या रेषेच्या बाहेर १० मिलिमीटर ठेवून कापावे. मापे कागदावर कितीही काटेकोर असली तरी वाकलेले लाकूड दोन-चार मिलिमीटर आपले म्हणणे खरे करतेच.

शिवणीसाठी कडेपासून १० मिलिमीटर आत, दर १२० मिलिमीटरला, दोन मिलिमीटरची भोके पाडावीत. जेथे बाक जास्त आहे तेथे ती जवळ जवळ असावीत. तारेचे हातभर तुकडे करून आतून बाहेर ओवावेत आणि बाहेरच्या बाजूला पकडीने पीळ द्यावा. आधी सगळ्या तारा सैल ठेवाव्यात आणि मग होडीभोवती दोन-तीन फेऱ्यांत थोड्या थोड्या आवळाव्यात. एकाच तारेवर जोर दिला तर ती प्लायची कड फाडून बाहेर येते. सगळे आवळून झाल्यावर होडी सुतारी घोड्यांवर (लाकडी टेकूंवर) ठेवावी, पुढच्या आणि मागच्या फळीवर एक-एक सरळ काठी आडवी बांधावी आणि मागून एक डोळा मिटून पाहावे. दोन्ही काठ्या समांतर दिसल्या तर होडी सरळ आहे; नसल्या तर ती पिळलेली आहे आणि तो पीळ आताच निघतो. इपॉक्सी लावल्यानंतर दिसलेला पीळ होडीच्या अखेरपर्यंत राहतो.

इपॉक्सीला घाबरू नये, पण त्याच्याशी गंमतही करू नये. रेझिन आणि हार्डनर यांचे प्रमाण डब्यावर लिहिलेलेच ठेवावे, अंदाजाने ‘थोडे जास्त’ हार्डनर घातल्याने ते लवकर घट्ट होत नाही, कच्चे राहते. प्रमाण वजनाने दिले आहे की मापाने, हे वाचून स्वयंपाकघरातला नव्हे, वेगळा काटा वापरावा. तापमान साधारण १० अंशांनी वाढले की घट्ट होण्याचा वेग दुप्पट होतो, त्यामुळे थंड देशांतल्या माहितीपत्रकातली मिनिटे गोव्याच्या मार्चमध्ये अर्धीच समजावीत आणि शक्य तेथे मंद हार्डनर मागून घ्यावा. एका वेळी दोनशे ग्रॅमपेक्षा जास्त कालवू नये. खोल भांड्यात राहिलेले इपॉक्सी स्वतःच्या उष्णतेने तापत जाते. माझ्या हातातला प्लास्टिकचा मग एकदा धूर सोडू लागला होता आणि तो अंगणात फेकावा लागला. कालवलेले मिश्रण लगेच पसरट ताटलीत ओतले तर हा प्रश्न येत नाही. नायट्राइलचे हातमोजे सतत घालावेत. कातडीला लागले तर साबण-पाण्याने धुवावे, थिनरने पुसू नये. थिनर ते कातडीतच ढकलतो, आणि एकदा ॲलर्जी सुरू झाली की ती जन्माची सोबत करते.

वेळही निवडून घ्यावी. सकाळी लाकूड तापत जाते, त्याच्या आतली हवा फुगून बाहेर पडते आणि ओल्या थरात बुडबुडे सोडते. दुपारी चार-साडेचारनंतर लाकूड निवू लागते तेव्हा हात घालावा. रात्रीच्या दमट हवेत थरावर कधी कधी मेणासारखा चिकट पापुद्रा येतो. तो पॉलिश पेपरने घासू नये, आधी साध्या पाण्याने आणि भांडी घासायच्या काथ्याने धुऊन काढावा. न धुता घासले तर तो पापुद्रा पेपरमधून सगळीकडे पसरतो आणि पुढचा थर धरत नाही.

पहिल्या दिवशी तारांच्या मधल्या जागांत इपॉक्सीचे छोटे छोटे टेकू द्यावेत. त्यासाठी इपॉक्सीत सागाखेरीज दुसऱ्या लाकडाचा बारीक, चाळलेला भुसा मिसळून ते चक्क्यासारखे घट्ट करावे. चमचा उलटा केला तर खाली पडू नये, इतके. दुसऱ्या दिवशी तारा कापून ओढून काढाव्यात. एखादी अडकली तर तिचे टोक मेणबत्तीने तापवले की सुटते. मग त्याच मिश्रणाने आतले सगळे कोपरे गोलाकार भरून काढावेत. गोलाईची त्रिज्या २० मिलिमीटरच्या आसपास असावी आणि ती फिरवायला प्लास्टिकच्या जुन्या कार्डाचा गोल कापलेला कोपरा उत्तम. हे भरण अजून थोडे नरम असतानाच त्यावर टेप ठेवून ब्रशने पातळ इपॉक्सी जिरवावे. काचतंतू पांढरे दिसत आहेत तोवर ते सुके आहेत. पारदर्शक झाले की पुरे. होडीची खरी ताकद या भरणात आणि टेपमध्ये आहे, म्हणून येथे संध्याकाळ उलटून गेली तरी घाई करू नये.

आतले काम वाळल्यावर होडी उलटी करावी, तळाची बाहेर आलेली कड रंध्याने उतरवावी आणि सगळे बाहेरचे कोपरे बोटाच्या गोलाईइतके घासावेत, कारण तीक्ष्ण कोपऱ्यावर काचतंतू बसत नाहीत. टेप लावून मग तळावर पूर्ण कापड अंथरावे आणि मधून कडांकडे इपॉक्सी पसरत न्यावे. चिखलात, कालवांच्या खडकावर किंवा सिमेंटच्या पायरीवर होडी घासणारच, तेव्हा हे कापड कामी येते. आपल्या खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा एक प्राणी आहे. दिसायला अळीसारखा असला तरी तो शिंपल्यांच्या कुळातला आहे. उघड्या लाकडात तो शिरतो, काचतंतूंच्या अखंड कवचातून शिरत नाही. जुन्या होड्यांना म्हणूनच काजूच्या टरफलाचे तेल किंवा माशाचे तेल चोळत असत. आपल्या होडीला यांतले काहीही इपॉक्सीआधी लावू नये, तेलकट लाकडावर इपॉक्सी टिकत नाही.

सागही मुळातच तेलकट असतो, म्हणून काठाच्या पट्ट्या चिकटवण्यापूर्वी ॲसिटोनच्या फडक्याने पुसाव्यात आणि लगेच चिकटवाव्यात. पट्टी बाहेरून लावावी, दर १५० मिलिमीटरला आतून स्क्रू द्यावा आणि जितके शिकंजे शेजाऱ्यांकडून मिळतील तितके आणावेत. बसायच्या फळ्या उरलेल्या प्लायच्या, पण खाली लाकडी पट्टी देऊनच कराव्यात. नुसता ६ मिलिमीटरचा प्लाय माणसाखाली वाकतो. पुढच्या व मागच्या बैठकीखाली घट्ट बूच लावलेल्या रिकाम्या दोन लिटरच्या पंचवीस-तीस बाटल्या जाळ्यात भरून बांधाव्यात. प्रत्येक बाटली सुमारे दोन किलो उचलते, म्हणजे होडी पाण्याने भरली तरी धरायला पन्नास-साठ किलोंचा आधार राहतो.

उरले रंगकाम. सगळ्या पृष्ठभागांना, विशेषतः कापलेल्या प्रत्येक कडेला, इपॉक्सीचे तीन हात द्यावेत. कडेचे लाकूड पहिला हात पिऊन टाकते. इपॉक्सी ऊन सहन करत नाही, पिवळे पडून भुकटी होते. म्हणून वर चांगला ऑइल पेंट किंवा पॉलियुरेथेन रंग हवाच. गडद निळा आणि काळा हे रंग होडीवर फार देखणे दिसतात आणि एप्रिलच्या उन्हात इतके तापतात की आतले इपॉक्सी मऊ पडू लागते. पांढरा, फिकट पिवळा किंवा फिकट हिरवा रंग लावावा.

वल्ही १.८ मीटरची, हलक्या, सरळ रेषांच्या लाकडाची करावीत. पातीची रुंदी वीतभर पुरे. वल्हे अडकवायच्या पितळी कड्या मिळाल्या नाहीत तर काठावर जाड खुंटी बसवून तिला दोरीचा फास द्यावा; जुन्या होड्यांवर हेच असे आणि ते तुटले तर तिथल्या तिथे नवे बांधता येते.

होडीचे वजन सुमारे तीस-पस्तीस किलो भरते. मध्यभागी १० सेंटिमीटर बुडेपर्यंत ती एकूण शंभर किलोंच्या आसपास भार घेते आणि पुढे प्रत्येक सेंटिमीटरला साधारण सोळा किलो. दोन मोठ्या माणसांसह ती पंधरा सेंटिमीटरच्या आसपास बुडते, त्यापुढे तिसरा माणूस घेऊ नये. पहिली चाचणी खाजनातल्या संथ पाण्यात, कमरेइतक्या खोलीत करावी, पण बांधातल्या मानशींपासून (पाणी सोडण्याच्या दारांपासून) चांगले दूर राहावे, कारण ओहोटीला दार उघडले की तेथे पाणी जोराने ओढते. नदीत उतरताना भरतीचे वेळापत्रक पाहावे. उधाणाला गोव्यात पाण्याच्या पातळीत दोन मीटरहून अधिक फरक पडतो. भरती लागताना वर जावे आणि ओहोटीबरोबर परत यावे म्हणजे हात दुखत नाहीत. रायबंदर-चोडण फेरीबोटीच्या आणि खनिजाच्या बार्जेसच्या वाटेत होडी घालू नये. त्यांच्या लाटा नाकावर घ्याव्यात, कधीही कुशीवर नाही. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, तेथे पाण्यात हात सोडून बसण्याची हौस नसावी. लाइफ जॅकेट अंगात असावे, बैठकीखाली नव्हे. होडी वापरण्याच्या परवानगीची विचारणा पणजीच्या कॅप्टन ऑफ पोर्ट्स कार्यालयात आधीच करावी, आणि पुढे इंजिन लावायचा विचार असेल तर नक्कीच.

होडी कुजते ती बहुधा नदीत नाही, अंगणात. खाऱ्या पाण्यात बुरशी सहजी वाढत नाही. तळाशी साचून राहिलेले पावसाचे गोडे पाणी मात्र एखाद्या ओरखड्यातून आत शिरते आणि प्लाय आतून मऊ करते. म्हणून प्रत्येक फेरीनंतर होडी गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, दोन बांबूंवर उलटी ठेवावी. ताडपत्री थेट अंगाला न लपेटता वर अंतर ठेवून बांधावी, म्हणजे खालून वारा खेळतो. चतुर्थीनंतर पाऊस ओसरला की सगळ्या कडा अंगठ्याच्या नखाने दाबत जावे. जेथे नख रुतेल तेथला रंग खरवडून लाकूड उघडे करावे, आठ-दहा दिवस ऊन-वाऱ्यावर पूर्ण वाळवावे आणि तेवढ्याच जागेला पुन्हा इपॉक्सीचे तीन हात देऊन रंग लावावा.